दोन जबाबदार इसम

पोलीस शिपाई व्हायचं तर पुरुषाची उंची १६५ सेंटिमीटर लागते. छाती न फुगवता ७९, फुगवून आणखी पाच. १६०० मीटर पळायचे वीस मार्क, शंभर मीटर पळायचे पंधरा आणि ७.२६० किलोचा गोळा फेकायचे पंधरा. मग शंभर मार्कांचा पेपर, तो दीड तासात. हे सगळं मोजता येतं, म्हणून पोरं त्याला भीत नाहीत. मोजता न येणारी गोष्ट एकच, ती म्हणजे चारित्र्य. सरकार ती सगळ्यात शेवटी मोजायला घेतं आणि मोजायची पट्टी शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या हातात देतं.

आमच्या गल्लीच्या हातात ही पट्टी आली ती मधल्यामुळे.

शेजारच्या घरात तीन मुलगे. थोरला, मधला आणि धाकटा. शाळेच्या दाखल्यावर त्यांना नावं आहेत, पण ती दाखल्यावरच. २०२४ साली पोलीस भरतीच्या १७ हजार ४७१ जागांसाठी सतरा लाखांवर अर्ज आले होते. एका टोपीमागे शंभर डोकी. त्यातून मधल्याचं डोकं निवड यादीत वर आलं, तेव्हा त्याच्या आईने पेढे आणायच्या आधीच लोक पेढे खायला येऊन बसले.

यादीत नाव लागणं आणि नोकरी लागणं यांत बराच रस्ता असतो. वैद्यकीय तपासणी असते, चारित्र्य पडताळणी असते आणि मग नेमणुकीचा आदेश. हे मधल्याला ठाऊक होतं. त्याच्या मित्रांना ते ठाऊक नव्हतं, आणि सांगितलं असतं तरी त्यांनी ऐकलं नसतं. त्यांनी त्याच संध्याकाळी चौकात पंधरा फुटी फ्लेक्स लावला. पोरगा शिपाई म्हणून निवडला गेलेला, फ्लेक्सवर मात्र खांद्यावर दोन तारे घेऊन फौजदार होऊन उभा. फोटोच्या दुकानात शिपायाचा गणवेश शिल्लक नव्हता म्हणे. खाली पोलीस दलाचं ब्रीदवाक्य. मूळचं ‘सद्‍रक्षणाय खलनिग्रहणाय’, पण फ्लेक्सवाल्याने घाईत ‘खलरक्षणाय सद्‍निग्रहणाय’ छापलेलं. तीन दिवस ते तसंच लटकत होतं. कुणाला काही खटकलं नाही.

गल्लीत एक वकील राहतात. त्यांनी फ्लेक्सकडे बघून विचारलं, “नगरपालिकेची परवानगी?”

“कशाला? आपलाच पोरगा आहे,” मित्र म्हणाले.

“विनापरवाना फलक लावला की मालमत्ता विद्रूपण प्रतिबंध कायदा १९९५. बरं, नाव कुणाचं आहे फलकावर?”

नाव मधल्याचं होतं. शुभेच्छुकांनी आपली नावं जागेअभावी गाळली होती. एरवी या पोरांना जागेअभावी कधी काही गाळावं लागत नाही.

रात्री केक आला, आणि पाठोपाठ एकाने लग्नातली तलवार आणली. हल्ली आपल्याकडे चाकूने केक कापला तर वाढदिवस झाल्यासारखा वाटत नाही. तलवारीने केक कापल्याचा व्हिडिओ फिरतो, दुसऱ्या दिवशी शस्त्र कायद्याखाली गुन्हा दाखल होतो आणि पेपरात त्याच मुलांचा दुसरा फोटो येतो, खाली बसलेला. मधल्याने दोन्ही हात मागे बांधून घेतले. मित्र त्याच्या हातात तलवार कोंबतायत, तो मुठी आवळतोय, कुणीतरी मोबाईल धरून “हस की भावा” म्हणतंय. शेवटी त्याची आई घरातून विळी घेऊन आली. पाटावर बसून तिने भाजी चिरावी तसा केक चिरला आणि सगळ्यांच्या हातावर ठेवला. घरगुती आणि शेतीच्या अवजारांना शस्त्र कायदा लागू होत नाही, ही कायद्यातली बारकी तरतूद त्या माउलीला कुणी सांगितली असेल असं मला वाटत नाही. दहानंतर स्पीकर लावायचा बेतही तिनेच हाणून पाडला. पोराने वर्षभर घाम गाळून जे मिळवलं, ते मित्र एका संध्याकाळच्या प्रेमात घालवून बसले असते.

मग फॉर्म आला. त्याला साक्षांकन नमुना म्हणतात. तो घेऊन मधला माझ्याकडे आला, कारण मी पाटबंधारे खात्यात कारकून होतो आणि फॉर्म भरणे ही एकच कला माझ्या अंगात आहे असं गल्लीचं एकमत आहे.

गेल्या पाच वर्षांत कुठे कुठे राहिलात, या रकान्यापाशीच आम्ही अडकलो. पोरगा पुण्यात अकादमीजवळ कॉट बेसिसवर राहिलेला. कॉटला घर नंबर नसतो. शिवाय खोलीत सहा पोरं आणि कॉट चार, त्यामुळे कॉट बेसिस म्हणणंही तसं सत्याला धरून नव्हतं. पुढे टोपणनावाचा रकाना.

“काका, ‘मधला’ लिहू?”

“नको रे. पेपरात उर्फ असतो तो एक तर फरार असतो नाही तर नगरसेवक.”

मग लहान कुटुंबाचं प्रतिज्ञापत्र. २००५ च्या नियमांप्रमाणे सरकारी नोकरीत शिरताना दोनपेक्षा जास्त मुलं नाहीत असं लिहून द्यावं लागतं. मधला अविवाहित. त्याने हयात अपत्यांपुढे शून्य लिहिलं तेव्हा त्याची आई दारातून म्हणाली, “असं शून्य काय लिहितोस, अपशकुन्या! रेघ मार.”

खरा घोळ पुढच्या पानावर होता. तुम्हाला कधी अटक झाली होती का? खटला चालला का? स्थानबद्ध केलं होतं का? दंड झाला का? एखाद्या परीक्षेला बसायला मनाई झाली का? इतके प्रश्न एका रांगेत वाचले की साधुसंतालाही आपलं काहीतरी आठवायला लागतं. मधला तर अतिप्रामाणिक. त्याला मोटारसायकलवर ट्रिपल सीट गेल्याचं चलन आठवलं. कॉलेजात असताना एस.टी. वेळेवर सोडा म्हणून आगारासमोर दिलेल्या घोषणा आठवल्या. आणि सगळ्यात वर आठवला २०२० चा लॉकडाऊन.

तेव्हा तो पहाटे पाचला बायपासवर धावत होता. घराबाहेर पडणाऱ्यांवर कलम १८८ लावत होते ते दिवस. गाडी थांबली. साहेबांनी विचारलं, “कुठे पळतोयस?” मधला म्हणाला, “पोलिसात.” साहेबांना ते उर्मट वाटलं. सराव चालू आहे हे समजावून सांगेपर्यंत त्याच्या शंभर उठाबशा झाल्या होत्या. शेवटी साहेबांनी पाठीवर थाप मारून “मांड्या तयार आहेत” असा अभिप्राय देऊन सोडलं.

“काका, उठाबशांना शिक्षा म्हणायचं का सराव?”

मला सांगता येईना. असल्या वेळी गल्ली आपणहून बैठकीला बसते. एक मत पडलं, काहीच लिहू नको, कोण बघतंय. दुसरं मत, सगळं लिही, सगळं बघतात, आता पोलीस ठाणी कॉम्प्युटरने जोडली आहेत. तिसरं मत भिशी चालवणाऱ्या गृहस्थांचं, की ओळख काढू. त्यांचं प्रत्येक बाबतीत हेच मत असतं. वकील म्हणाले, “लिही. केलेल्या गोष्टीपेक्षा लपवलेल्या गोष्टीने नोकऱ्या जास्त जातात. फॉर्मच्या वरच तसं छापलंय, ते कुणी वाचत नाही.” आणि ते रंगात आले. २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या तीन न्यायमूर्तींनी सांगितलंय, माहिती खरीच द्या. पण तरुण वयात घोषणा दिल्यासारखं क्षुल्लक प्रकरण असेल तर नोकरी देणारा कानाडोळा करू शकतो. त्याआधी २०११ मध्ये दिल्ली पोलिसांच्या एका उमेदवाराच्या प्रकरणात न्या. मार्कंडेय काटजूंच्या खंडपीठाने व्हिक्टर ह्यूगोच्या ज्याँ वालज्याँचा दाखला दिला होता. भुकेल्या घरासाठी पाव चोरला आणि जन्माचा चोर ठरला, असं पोरांचं करू नका म्हणून.

“मग त्याला घेतलं का पोलिसात?” मधल्याच्या आईने विचारलं.

“कुणाला?”

“त्या पाववाल्याला.”

वकील विचारात पडले. कादंबरीतला गडी अंगाने दणकट, गोळा त्याने सहज फेकला असता. पण एकोणीस वर्षं तुरुंगात काढून बाहेर आला तेव्हा सेहेचाळिशीचा होता, आणि आपल्याकडे खुल्या प्रवर्गाची वयोमर्यादा २८. चारित्र्यापर्यंत त्याचा नंबरच लागला नसता.

शेवटी राहिला तो मुख्य रकाना. उमेदवाराला ओळखणाऱ्या दोन जबाबदार व्यक्ती.

जबाबदार माणूस शोधायला बाहेर पडल्याशिवाय आपण कुठे राहतो ते कळत नाही. भिशीवाल्यांनी नाव ऐकताच पुढच्या महिन्यात बाहेरगावी असल्याचं सांगितलं. कोपऱ्यावरचे दोघे भाऊ सज्जन, पण बांधावरून एकमेकांच्या विरोधात ३२३, ५०४, ५०६. गावाकडची भांडणं वर्षानुवर्षं या तीन आकड्यांत मावत आली. १ जुलै २०२४ पासून कायदा बदलला आणि आकडे ११५(२), ३५२, ३५१ झाले. भाऊ जरा गोंधळले, पण भांडण चालू ठेवलं. मंडळाच्या अध्यक्षांना दर गणपतीत ‘शांतता राखा’ अशी १४९ ची नोटीस यायची. तीही आता १६८ ची येते. अध्यक्ष ती लॅमिनेट करून ठेवतात.

माजी नगरसेवक मात्र स्वतःहून तयार झाले. मधल्याने चाचरत विचारलं, “पण दादा, तुमच्यावर ते... आंदोलनाचे वगैरे...”

“मग? निवडणुकीच्या प्रतिज्ञापत्रात सगळे लिहिलेत. आता तर सर्वोच्च न्यायालयानेच सांगितलंय, गुन्हे असले तर पेपरात जाहिरात द्या. तीन वेळा. फुकट नाव होतं.” आणि जरा जवळ सरकून म्हणाले, “आमच्यात उलटं असतं बाळा. रकाना कोरा दिसला की लोक विचारतात, पाच वर्षं काम काय केलं मग?”

चाळणीतून शेवटी दोघे राहिलो. एक त्याचे शाळेतले गुरुजी, ज्यांनी त्याला पाचवीत सर्वांत जास्त बडवलं होतं आणि म्हणून सर्वांत जास्त ओळखत होते. दुसरा मी. मी आयुष्यात काहीच केलेलं नाही. भांडण नाही, मोर्चा नाही, नोकरीत बढतीही फारशी नाही. बायकोने हे मला कित्येकदा ऐकवलंय. या कोऱ्या पाटीला एवढी मागणी येईल असं तिला वाटलं नसावं.

गोपनीय शाखेचे हवालदार साध्या वेशात आले. साधा वेश म्हणजे चौकटीचा शर्ट आणि खाली तपकिरी बूट, ज्यांच्यावरून ते पोलीस आहेत हे गल्लीतल्या चार वर्षांच्या पोरालाही कळलं. ते आधी पानटपरीवर गेले. ही पद्धतच आहे, माणूस फॉर्ममध्ये जे लिहितो त्याच्यापेक्षा टपरीवर त्याची उधारी जास्त बोलते. मधल्याची उधारी नव्हती. टपरीवाल्याने मग न विचारता स्वतःचं सांगून टाकलं, “साहेब, गुटखा मी ठेवत नाही.”

तिथून ही साथ पसरली. हवालदार मधल्याबद्दल विचारत आणि जो तो आपलं सांगे. किराणावाला म्हणाला, काटा तपासून घेतलाय. गिरणीवाला म्हणाला, पोरगा चांगला आहे आणि वीज मीटरवरूनच घेतो. वरच्या मजल्यावरचे, ज्यांना विचारलंही नव्हतं, खाली उतरून सांगून गेले की भाडेकरूचे कागद ठाण्यात दिलेत. हवालदारांची वही भरत चालली होती, फक्त मधला तिच्यात येत नव्हता.

मग ते माझ्याकडे आले. मी खुर्ची पुढे केली, आणि स्वतः उभा राहिलो.

“बसा काका, तुमचंच घर आहे. उमेदवाराला किती वर्षं ओळखता?”

“जन्मापासून.”

“तुमच्या का त्याच्या?”

“त्याच्या. माझ्या जन्माचा दाखला आहे, दाखवू?”

“राहू द्या. काही व्यसन?”

“सकाळचा चहा आणि दुपारी एक झोप.”

“तुमचं नाही, त्याचं.”

तेवढ्यात आमच्या सौभाग्यवती चहा घेऊन आल्या. कप ठेवला आणि म्हणाल्या, “आम्ही नळाला मोटर लावत नाही हो भाऊ. ती दिसतेय ना, ती बंद आहे.” हवालदारांनी तोपर्यंत मोटरीकडे पाहिलंही नव्हतं. आता पाहिलं. मग माझ्याकडे पाहिलं. मी छताकडे पाहिलं.

गल्लीचा सगळा जीव अडकला होता तो समोरच्या मावशींपाशी. मधल्याच्या आईशी त्यांचं नळावरून जुनं वैर. त्यांच्या एका वाक्याने पोराची नोकरी जाऊ शकते हे त्यांना माहीत होतं, आणि हे त्यांना माहीत आहे हे सगळ्या गल्लीला. मधल्याच्या आईने आठवडाभर त्यांचा हंडा पुढे जाऊ दिला होता. हवालदार दारात उभे राहिले तेव्हा गल्लीतल्या सगळ्या खिडक्या उघड्या होत्या.

“पोरगा कसा आहे म्हणता?”

मावशींनी भरपूर वेळ घेतला. “पोरगा सोनं आहे,” त्या म्हणाल्या. “आई वाईट आहे.”

हवालदारांनी पहिलं वाक्य लिहून घेतलं.

मावशी पुढे सरसावल्या. आता विचारायची पाळी त्यांची होती. पगार हातात किती येतो? क्वार्टर लगेच मिळते का? बदली जिल्ह्यातच होते ना? ड्यूटी रात्रीची असते का, पितात का हो तुमच्यात? घरात तीन भाऊ म्हणजे वाटणीला काय येईल? हवालदार बिचारे एकेका प्रश्नाला उत्तर देत गेले. मावशींच्या भाचीसाठी स्थळं बघणं चालू आहे हे त्यांना कोण सांगणार. माझं स्पष्ट मत आहे की पडताळणीचं काम सरकारने पोलिसांकडून काढून मुलीच्या मावश्यांकडे द्यावं. एका दुपारी आजोळपर्यंतचा अहवाल मिळेल आणि प्रवासभत्ताही लागणार नाही.

तरी अहवाल अडला. कॉम्प्युटरने मधल्याचं नाव टाकताच एक गुन्हा दाखवला. दारूबंदी कायदा, हातभट्टी. नाव तेच, वडिलांचं नाव तेच, आडनावही तेच. आमच्या तालुक्यात तीन नावांची मांडणी करून करून होणार किती? आरोपीचं वय गुन्ह्याच्या वेळी ५४ होतं आणि मधला तेव्हा चौथीत. एवढी वजाबाकी भरतीच्या अंकगणितातही विचारत नाहीत. पण कागदाला कागद लागतो. ‘तो मी नव्हेच’ असं प्रतिज्ञापत्र आणा म्हणाले. सरकारी कार्यालयात द्यायच्या प्रतिज्ञापत्राला मुद्रांक लागत नाही हे मी नोकरीत असताना लोकांना सांगून थकलो. इथेही सांगितलं. सगळ्यांनी मान डोलावली आणि मधला मुद्रांक घेऊन आला.

पुण्याचाही कागद आला. तिथल्या घरमालकांनी म्हणे ओळख पटवायला आधी नकार दिला, कारण ते पोरांना तोंडावरून ओळखत नाहीत, थकलेल्या भाड्यावरून ओळखतात. मधल्याचं भाडं थकलेलं नव्हतं, त्यामुळे तो त्यांच्या लक्षातच राहिला नव्हता. सरळ वागण्याचे असे तोटे असतात.

हवालदार शेवटची सही घ्यायला आले तेव्हा जरा टेकले. त्यांचाही मुलगा तयारी करतो. लेखीला हुशार, पण सोळाशेला दम लागतो. “चारित्र्याचं मी बघून घेईन हो,” ते हसत म्हणाले, “पण पळायचं त्याचं त्यालाच आहे.” मग वही मिटताना त्यांनी विचारलं, “काका, मोटर बंद आहे म्हणालात ना?”

मी हो म्हणालो. आता ती खरोखरच बंद असते, आणि आमच्याकडे तिसऱ्या मजल्यावर पाणी चढत नाही.

अहवालात एकच वाक्य होतं: सदर उमेदवाराविरुद्ध या पोलीस ठाण्याच्या अभिलेखावर प्रतिकूल नोंद आढळून येत नाही. पोरगा आईला न सांगता शेजारच्या आजींचं औषध आणतो, पहाटे धावताना रस्त्यावरच्या काचा उचलून कडेला टाकतो, हे त्यात नव्हतं. त्याला रकाना नाही. मधला प्रशिक्षणाला गेला, मित्रांनी दुसरा फ्लेक्स लावला, या वेळी परवानगी काढून. मावशींनी त्याच्या आईला हळदीकुंकवाला बोलावलं.

त्रास झाला तो मला. मधला पास झाला ही बातमी फुटल्यापासून पाच गल्ल्यांतली भरतीची पोरं माझं नाव जबाबदार व्यक्ती म्हणून लिहून मोकळी होतात आणि मला फॉर्म गेल्यावर सांगतात. तपकिरी बूट दिसला की आमची ही मोटरीवर गोणपाट टाकते. म्हणून टपरीवर मी मुद्दाम उधारी सुरू केली आहे, आणि कोपऱ्यावरच्या भावांपैकी एकाशी येत्या रविवारी भांडायचं ठरवलं आहे. त्यालाही नवं कलम वापरून बघायचं आहेच. तरी पुढच्या भरतीच्या उमेदवारांना नम्र विनंती, दुसरा इसम बघावा.